काळा टोनर: दमट हवेत फॉग, कोरड्या हवेत फिका. नक्की कुठे हात घालू?

काळी_भुकटी:
मंडळी नमस्कार, बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय कारण आता डोकं चालेनासं झालंय. काळ्या टोनरचं फॉर्म्युलेशन करायचं काम माझ्याकडे आलंय, टू-कॉम्पोनंट, म्हणजे फेराइट कॅरियरबरोबर (ज्या चुंबकी दाण्यांवर घासून टोनरला चार्ज येतो) चालणारा, निगेटिव्ह चार्जचा. साधा दळलेला टोनर आहे, केमिकल पद्धतीने बनवलेला नाही. पॉलिएस्टर रेझिन, कार्बन ब्लॅक ८ टक्के, वॅक्स ४ टक्के, चार्ज कंट्रोल एजंट (सीसीए) १ टक्का, डी५० (कणांचा मधला आकार) साधारण ८ मायक्रॉन, वरून दीड टक्का सिलिका.

नॉर्मल हवेत (२३ डिग्री, ५० टक्के आर्द्रता) सगळं छान, चार्ज उणे २४ मायक्रोकूलॉम प्रति ग्रॅम, सॉलिड पॅच काळाकुट्ट. पण चेंबर ३० डिग्री आणि ८० टक्क्यांवर नेला की चार्ज उणे १३, कोऱ्या पानावर राखाडी झाक (फॉग) येते आणि मशीन उघडलं तर आत सगळीकडे काळी धूळ बसलेली. म्हणून मी शहाणपणा केला आणि सीसीए १ वरून २ टक्के केला. दमट हवेत उणे १६ झाला, म्हटलं चला थोडं तरी सुधारलं, पण मग १० डिग्री १५ टक्क्यांत बघितलं तर तिथे आधी उणे ३४ होता तो उणे ४३, आणि प्रिंट इतकी फिकी की सॉलिड पॅचमधून कागद दिसतोय. म्हणजे इकडे झाकलं की तिकडे उघडं.

आमचे सीनियर म्हणतात सिलिका बदल, मला वाटतंय कार्बन आहे, आणि रेझिनवाला सगळ्यालाच हो म्हणतो. कुणी यातून गेलंय का? जरा इस्कटून सांगा.

जुना_खलबत्ता:
यातून गेलेलो नाही, यातच आहे गेली बरीच वर्षं :)

पहिली गोष्ट, चार्ज किती आहे हा तुमचा आजारच नाही. दोन हवांमधलं अंतर हा आजार आहे. उणे २० ला चालणारी मशीनं आहेत, उणे ३५ ला चालणारीही आहेत, बायस (रोलरला दिलेलं व्होल्टेज) त्याप्रमाणे लावता येतो. पण एकाच टोनरने एका ठिकाणी १६ आणि दुसरीकडे ४३ दाखवायला लागलं तर बायस तरी कुणाकुणाची समजूत काढणार.

दोन्ही टोकांना काय होतंय ते नीट बघा. चार्ज कमी पडला की टोनर कॅरियरला नीट धरून राहत नाही, रोलर फिरला की उडतो, ड्रमच्या जिथे काही छापायचं नाही त्या भागावरही बसतो, तो तुमचा फॉग. चार्ज जास्त झाला की उलटं. ड्रमवरच्या अक्षराचा चार्ज फिटवायला जेवढा चार्ज लागतो तेवढा थोड्याच कणांत पुरा होतो, बाकीच्या कणांची गरजच उरत नाही, आणि वर ते कॅरियरला घट्ट चिकटून बसतात. म्हणून पॅच फिका.

आता हवेकडे या. आपण ८० टक्के, १५ टक्के असं बोलतो त्यामुळे फरक पाचेक पट वाटतो. प्रत्यक्षात ३० डिग्रीला ८० टक्के म्हणजे घनमीटरमागे साधारण २४ ग्रॅम पाणी, आणि १० डिग्रीला १५ टक्के म्हणजे जेमतेम १.४ ग्रॅम. सतरा पट! टोनरच्या पृष्ठभागावर किती पाणी चिकटणार याचा अंदाज यावरून करा.

तुम्ही सीसीए वाढवला म्हणजे काय केलं, गळक्या बादलीवर नळ मोठा सोडला. दमट हवेत बादली गळतेच आहे, पाणी किंचित वर आलं. कोरड्या हवेत गळती बंद, मग बादली भरून वाहायला लागली. नळाला हात न लावता आधी भोकं शोधा. आणि काळ्या टोनरमध्ये सगळ्यात मोठं भोक म्हणजे कार्बन. तो वीज वाहून नेतो, निळ्या-पिवळ्या-लाल पिगमेंटचं तसं नाही, म्हणून रंगीत टोनरची रेसिपी उचलून त्यात नुसता कार्बन टाकला की घोळ होतो (हे मी केलंय, एकदा नाही दोनदा).

रेझिनमध्ये कार्बन बारीक, सुटा सुटा पसरला असेल तर प्रत्येक कणाभोवती रेझिनचं इन्सुलेशन राहतं. गठ्ठे राहिले तर दळताना टोनर नेमका त्या गठ्ठ्याच्या कडेने फुटतो, कारण तीच कच्ची जागा, आणि कार्बन उघडा पडतो. वॅक्सचंही तेच. मग वरून पाण्याचा पातळ थर बसला की चार्जला पळून जायला हमरस्ताच.

एक्सट्रूडर (माल वितळवून मळणारं मशीन) किती डिग्रीवर चालवताय? बरेच जण कार्बन नीट मिसळावा म्हणून तापमान वाढवतात. वाढवल्याने रेझिन पातळ होतं, स्क्रू नुसता फिरतो, गठ्ठ्यावर जोरच पडत नाही. उलट मोटर झेपेल तितकं खाली आणा, माल घट्ट असेल तरच गठ्ठे फुटतात.

रोलरवाली:
खलबत्ता काकांशी बरीचशी सहमत पण क्रम उलटा घ्या असं मी म्हणेन. कार्बनच्या मागे लागायचं तर नवा माल मळा, थंड करा, जेट मिल, क्लासिफायर, आठवडा गेला. सिलिका बदलून बघायला मिक्सरमध्ये अर्धा दिवस पुरतो, तेव्हा सीनियर म्हणतात ते आधी करून टाका, निदान तो मुद्दा तरी मिटेल.

सिलिकाच्या पृष्ठभागावर ओएच गट असतात, त्यांना पाणी भयंकर आवडतं. म्हणून ती हेक्सामिथाइलडायसिलाझेन किंवा डायमिथाइलडायक्लोरोसिलेन किंवा सिलिकॉन ऑइल लावूनच वापरतात. पण ‘ट्रीटेड’ म्हटलं की सगळ्या सारख्या नसतात, किती ओएच झाकले गेले यावर सगळं आहे. सोपी परीक्षा: काचेच्या ग्लासात पाणी घ्या, वरून चिमूटभर सिलिका टाका. चांगली ट्रीट केलेली असेल तर ढवळलं तरी परत वर येऊन तरंगते, पाणी खालून स्वच्छ राहतं. पाणी दुधाळ झालं तर समजा. मग त्याच पाण्यात हळूहळू मिथेनॉल घालत जायचं, किती टक्क्याला बुडते ते लिहून ठेवायचं, दोन लॉटची तुलना त्यावरून मस्त होते.

दुसरं, नुसती सिलिका वापरताय म्हणून कोरड्या हवेत चार्ज चढत चाललाय. थोडी ट्रीट केलेली टिटानिया घाला सोबत. तिचा रेझिस्टन्स सिलिकापेक्षा कमी, त्यामुळे कोरड्या हवेतला जादा चार्ज ती हळूच वाटून टाकते. फार घातली तर दमट हवेत अंगाशी येते, तेव्हा सिलिकापेक्षा कमीच ठेवा. टिटानियाच्या श्वसनाच्या धोक्यावरून युरोपात लेबलचं मोठं महाभारत झालं आणि बरेच जण दुसरे ऑक्साइड शोधायला लागले, ते वेगळं, आधी तिच्याने परिणाम कळू दे.

आणि रेझिनची ॲसिड व्हॅल्यू विचारा पुरवठादाराला. पॉलिएस्टरच्या टोकाचे ॲसिड गट निगेटिव्ह चार्जला मदत करतात पण पाणीही तेच ओढतात. जास्त ॲसिड व्हॅल्यूचं रेझिन नॉर्मल हवेत फार देखणं दिसतं आणि पावसाळी हवेत फसवतं. स्टायरीन-ॲक्रिलिक पाणी कमी ओढतं पण कमी तापमानाला कागदावर पॉलिएस्टरसारखं चिकटत नाही, त्यामुळे तुम्ही रेझिन बदलाल असं वाटत नाही.

उगाच_विचारतो:
मी या क्षेत्रातला नाही, सहज वाचत आलो. माझा घरचा लेझर प्रिंटर पण पावसात ठिपक्याठिपक्याची प्रिंट देतो. तो टोनरचा दोष की काय? आणि टोनर म्हणजे शाईची पूड ना?

रोलरवाली:
@उगाच_विचारतो, शाई कसली, ८०-९० टक्के प्लास्टिक असतं ते, कागदावर वितळवून चिकटवतात. तुमच्याकडे बहुतेक कागदाचा दोष. कागद ओला झाला की त्यातून वीज वाहायला लागते, ड्रमवरून टोनर कागदावर ओढून घ्यायला मागून जो चार्ज देतात तो कागदातूनच निसटतो, मग टोनर अर्धवट उतरतो. रीम उघडली की उरलेले कागद त्याच वेष्टनात गुंडाळून ठेवा आणि ट्रेमध्ये थोडेच घाला. मूळ प्रश्नकर्त्यालाही हे लागू आहे हो, चेंबरमध्ये प्रिंट काढताना कागद कुठला आणि किती वेळ ठेवलेला ते लिहीत चला नाहीतर कागदाचं पाप टोनरच्या माथी.

जुना_खलबत्ता:
पूड म्हणाल तर पहिली प्रत खरोखर वनस्पतीच्या पुडीने काढली होती बरं का. चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ ला, जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर, रुमालाने घासून चार्ज, आणि वर भुरभुरवली लायकोपोडियमची पूड. शेवाळासारख्या दिसणाऱ्या एका वनस्पतीचे बीजाणू ते. मग मेणकागद दाबून उचलली. आर्द्रतेत तिचं काय होत असेल कुणास ठाऊक. असो, अवांतर झालं.

रोलरवाली म्हणतात तो क्रम मान्य. पण सिलिकाने कोरडं टोक खाली येईल, दमट टोक वर येणार नाही, लिहून ठेवा.

मापाड्या:
सगळे औषध सांगतायत, ताप कसा मोजला ते कुणी विचारलंच नाही.

काळी_भुकटी, नमुना चेंबरमध्ये कसा ठेवला होता? टोनर आणि कॅरियर दोन्ही ठेवले का? वेगवेगळे की मिसळून? उघड्या बशीत पातळ पसरून की बरणीत? किती तास? बरणी हलवली किती मिनिटं? ब्लो-ऑफची (हवेने टोनर उडवून चार्ज मोजतात त्याची) जाळी किती मायक्रॉनची?

आणि एक. ब्लो-ऑफचा आकडा हा सरासरी असतो. उणे १३ सरासरीत बरेचसे उणे १८ चे कण आणि थोडे शून्याच्या आसपासचे किंवा चक्क पॉझिटिव्ह कण असू शकतात, आणि फॉग हे शेवटचेच करतात. शक्य असेल तर चार्जचं वितरण मोजून आणा कुठूनतरी. सीसीए नीट पसरला नसेल तर ही शेपटी लांब दिसते, काही कणांना सीसीए मिळालेलाच नसतो.

काळी_भुकटी:
मापाड्या, साष्टांग दंडवत.

बरणीत ठेवत होतो. झाकण लावून.

सांडू नये म्हणून झाकण घट्ट, २४ तास चेंबरमध्ये, मग बाहेर काढून १० मिनिटं शेकर. म्हणजे २४ तास माझा टोनर फक्त गरम आणि गार होत होता, बाहेरच्या हवेशी त्याची गाठच पडली नाही. प्रिंटचे दोष खरे होते कारण मशीन चेंबरमध्ये उघडं चालतं, पण आकडे सगळे गोडगोड. आता टोनर आणि कॅरियर वेगळ्या बशांत, २-३ मिलीमीटरचा थर, २४ तास, आणि तिथेच चेंबरच्या आत मिसळून झाकण लावून शेकर. मूळ १ टक्का सीसीएवाल्या मालाचे नवे आकडे: दमट उणे ९, कोरडं उणे ३९. म्हणजे आजार वाटला होता त्यापेक्षा जवळजवळ दीडपट.

सिलिकाची ग्लासवाली परीक्षा केली, मजा आली. आमची सिलिका व्यवस्थित तरंगली, ढवळून ढवळून हात दुखला तरी पाणी स्वच्छ. सीनियरना दाखवलं, ते काही बोलले नाहीत. मग दीड टक्क्यातली अर्धा टक्का सिलिका काढून तेवढी टिटानिया घातली. कोरडं ३९ वरून ३२ वर आलं, दमट होतं तिथेच, ९. खलबत्ता काका जिंकले.

मग टोनर रेझिनमध्ये बसवून पातळ काप काढून मायक्रोस्कोपखाली बघितले. ८ मायक्रॉनच्या कणात २-३ मायक्रॉनचे कार्बनचे गठ्ठे, काही अगदी कडेला चिकटलेले, आणि शेजारच्या कणात कार्बन जवळजवळ नाहीच. भेळेत एकाच घासात सगळे शेंगदाणे यावेत तसं. एक्सट्रूडर १४० वर चालत होता, मी तो १०५ वर आणायचं म्हटलं तर ऑपरेटरने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी स्क्रूच मागितला.

जुना_खलबत्ता:
ऑपरेटर बरोबर आहे, एकदम १०५ नको, टॉर्क बघत ५-५ डिग्री उतरा. त्याहून बरं म्हणजे मास्टरबॅच करा. थोड्या रेझिनमध्ये भरपूर कार्बन, ३०-४० टक्के, घट्ट मळून घ्या, मग तो चुरून उरलेल्या रेझिनमध्ये मिसळा. दोनदा मळणं होतं पण गठ्ठे खरोखर मोडतात. कार्बनसुद्धा बघा कुठला आहे: फार बारीक आणि फार मोठ्या पृष्ठभागाचा काळा जास्त दिसतो पण सुटा व्हायला छळतो. आणि ८ टक्के खरंच लागतात का? नीट पसरला तर ६ मध्येही तोच काळेपणा येतो.

प्रत्येक वेळी काप काढत बसू नका, मळलेला माल दाबून गोल टिकली करा आणि एलसीआर मीटरवर टॅन डेल्टा (मालात किती वीज झिरपून वाया जाते त्याचं माप) मोजा. गठ्ठे आणि त्यांची साखळी असेल तर तो वर जातो. दळायच्या आधीच कळतं, आठवडा वाचतो.

आता सीसीएबद्दल. काळ्या टोनरवाल्यांना एक चैन आहे जी रंगीतवाल्यांना नाही, सीसीए गडद असला तरी चालतो. अझो मेटल कॉम्प्लेक्स, लोखंडाचे वगैरे, बिनधास्त वापरा. तुम्ही रंगहीन झिंक सॅलिसिलेटवाला वापरत असाल तर उगाच हात बांधून घेताय.

काळी_भुकटी:
(तीन आठवड्यांनी)

मास्टरबॅच, कार्बन ६.५ टक्के, एक्सट्रूडर ११५, सीसीए परत १ टक्का पण अझो-आयर्न, सिलिका १ आणि टिटानिया अर्धा. टिकलीचा टॅन डेल्टा आधीच्या निम्म्याहून खाली. काप बघितले तर गठ्ठे नाहीत, कणाकणात सारखी काळी रवाळ भुरभुर.

दमट उणे १७, नॉर्मल उणे २३, कोरडं उणे २९.

कोरड्या हवेत पॅच परत काळा झाला. पण वैताग असा की दमट हवेत पहिली हजारभर पानं स्वच्छ, नंतर हळूहळू फॉग चढतो. डेव्हलपर (टोनर-कॅरियरचं मिश्रण) काढून मोजला तर त्यात टोनर ६ टक्के हवा तो ८.५ टक्के झालेला! मी जास्त टाकला नाही, मशीनच टाकतंय.

मापाड्या:
तुमच्या मशीनमधला टोनर सेन्सर मॅग्नेटिक आहे ना? तो टोनर मोजतच नाही. तो समोरून जाणाऱ्या मिश्रणात कॅरियर किती दाट आहे ते मोजतो आणि त्यावरून टोनरचा अंदाज बांधतो. चार्ज कमी झाला की कण एकमेकांना कमी ढकलतात, डेव्हलपर दबून घट्ट बसतो, तेवढ्याच जागेत कॅरियर जास्त. सेन्सरला वाटतं टोनर संपत आला, तो आणखी ओततो. टोनर वाढला की प्रत्येक कणाला घासायला कॅरियर कमी पडतो, चार्ज आणखी उतरतो, डेव्हलपर आणखी दबतो. चक्र चालू.

अर्धा इलाज मशीनवाल्यांकडे, आर्द्रतेप्रमाणे सेन्सरचं कंट्रोल व्होल्टेज बदलायचं. अर्धा तुमच्याकडे: डेव्हलपरची बल्क डेन्सिटी (ठराविक जागेत किती वजन बसतं ते) तिन्ही हवांत मोजा, चार्जच्या शेजारी तोही रकाना ठेवा. ती कमी हलली तर सेन्सरही कमी फसेल.

रोलरवाली:
+१. आणि हजार पानांनंतर चढतोय म्हणजे आणखी एक संशय. कमी मजकुराची पानं काढत असाल तर टोनर फारसा बाहेर जात नाही, आतच घुसळत राहतो, आणि बारीक सिलिका हळूहळू रेझिनमध्ये रुतते. मग टोनर नीट वाहत नाही, ताजा टोनर आणि जुना टोनर यांचा चार्ज जुळत नाही, ताजा पडला की फॉग. थोडी जाड सिलिका घाला, १०० नॅनोमीटरच्या आसपासची, ती मधे उशीसारखी राहते आणि बारीकीवरचा मार स्वतःवर घेते. ३० डिग्रीला पॉलिएस्टर तसं टणकच असतं पण डेव्हलपर युनिटच्या आत ४५ पर्यंत जातं, तेव्हा टीजी (रेझिन मऊ पडायला लागतं ते तापमान) किती ठेवलाय ते बघा. ५५ च्या खाली असेल आणि वॅक्सने तो आणखी ओढला असेल तर रुतणारच, आणि गोदामात ५० डिग्रीला बाटलीतल्या बाटलीत ढेप होईल ती निराळीच.

काळी_भुकटी:
टीजी ५८ मोजला, ढेप ५० डिग्री ४८ तास ठेवून झाली नाही. जाड सिलिका मागवतो. मशीनवाल्यांना मेल टाकलाय सेन्सरबद्दल.

एकच उरलं. दमट हवेत मशीन रात्रभर बंद ठेवून सकाळी चालू केलं की पहिली १५-२० पानं फॉग, मग साफ. हे काय?

मापाड्या:
रात्रभरात चार्ज गळतो, सकाळी तो परत चढेपर्यंतची ती पानं. तुम्ही आतापर्यंत १० मिनिटं शेक करून मोजलंय, त्यात हे दिसणारच नाही. डेव्हलपर शेक करून मोजा, मग उघडाच १६ तास दमट चेंबरमध्ये सोडा, परत मोजा, मग फक्त ३० सेकंद हलवून मोजा. मधला आकडा गळती सांगेल, शेवटचा आकडा किती लवकर सावरतो ते. टिटानिया गळतीला जबाबदार असेल तर मधला आकडा फार पडेल, मग अर्ध्याऐवजी पाव टक्का करून बघा. शेवटचा आकडा सुस्त असेल तर सीसीए पृष्ठभागावर पुरेसा नाही.

काळी_भुकटी:
बरणी आत्ताच चेंबरमध्ये ठेवून आलो. झाकण उघडं आहे, दोनदा जाऊन बघितलं.